तीन वर्षांचा खोटा अनुभव लावून आयटीत नोकरी : भाच्याला काय सांगावे?

सदाशिव_अहमदपूर

नमस्कार मंडळी. मी लातूर जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. आयटी क्षेत्राशी माझा थेट संबंध नाही, म्हणून जाणकारांकडे एक प्रश्न घेऊन आलो आहे.

माझा सख्खा भाचा २०२३ साली मेकॅनिकल इंजिनिअर झाला. दुसऱ्या वर्षी त्याला वायडी (इयर डाउन, म्हणजे नापास होऊन वर्ष वाया जाणे) लागल्यामुळे कागदावर एका वर्षाचा गॅप दिसतो आणि बारावीला त्याला ५८ टक्के आहेत. 'दहावीपासून सलग ६० टक्के' या अटीमुळे कॉलेजच्या प्लेसमेंटमध्ये त्याला लेखी परीक्षेलासुद्धा बसता आले नाही. पुढे तो पुण्यात आला, कर्वेनगरमध्ये चौघांत एक खोली घेऊन राहिला आणि त्याने जावा फुल स्टॅक या प्रोग्रामिंगचा सहा महिन्यांचा क्लास पूर्ण केला. त्या क्लासची फी माझ्या बहिणीने सोसायटीचे कर्ज काढून भरली. तेव्हापासून तो रोज अर्ज करतो आहे. फ्रेशर म्हणून केलेल्या अर्जांना उत्तर येत नाही आणि ज्या जागा निघतात, त्यांवर किमान दोन-तीन वर्षांचा अनुभव मागितलेला असतो.

मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. क्लासवाल्यांच्या ओळखीची एक कन्सल्टन्सी ८० हजार रुपयांत ऑफर लेटर, मागील सगळ्या महिन्यांच्या पे-स्लिपा आणि रिलीव्हिंग लेटर देते, आणि चौकशीचा फोन आला तर 'होय, हा मुलगा आमच्याकडे होता' असे सांगणारा माणूसही पुरवते. निम्मे पैसे आधी, निम्मे नोकरी लागल्यावर. खोलीतल्या दोघांनी हे केले असून त्यांतल्या एकाला नोकरी लागलीही आहे. "मामा, सगळेच लावतात. मी एकटाच किती दिवस फ्रेशर राहू?" असे त्याने विचारले, तेव्हा मला पटकन उत्तर देता आले नाही. मी त्याच्याकडून दोन दिवस मागून घेतले आहेत.

हे खरोखर इतके सर्रास चालते का, ते पकडले जाते का, आणि मी त्याला नाही म्हटले तर त्याच्यासमोर दुसरा कोणता रस्ता ठेवू, हे मला जाणून घ्यायचे आहे.

रेवा_१७

पैसे देऊ नका, काका. माझ्या चुलतभावाने पहिला हप्ता भरला आणि त्यानंतर त्या कन्सल्टन्सीचा फोन कायमचा बंद झाला. बनावट कागद मिळाले नाहीत अशी तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात जाता येत नाही, त्यामुळे ती रक्कम बुडाली ती बुडालीच.

किरण_कोथरूड

गुरुजी, मी चौदा वर्षे या क्षेत्रात आहे आणि गेली सहा वर्षे मुलाखतीच्या पॅनेलवर बसतो आहे. हे सर्रास चालते, असेच तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागेल. २०२१-२२ मध्ये माणसे भराभर नोकऱ्या बदलत होती, इन्फोसिससारख्या कंपनीतले गळतीचे प्रमाण जून २०२२ च्या तिमाहीत २८.४ टक्क्यांवर गेले होते, आणि रिकाम्या जागा भरण्याच्या घाईत तपासणी ढिली पडली. त्या काळात खोटे कागद लावून जे आत आले, त्यांच्याकडे बोट दाखवून आज क्लासवाले नव्या मुलांना गळ घालतात.

मुलाखतीत हे कसे लक्षात येते, ते सांगतो. मागच्या वर्षी एकाच आठवड्यात तीन उमेदवार आले आणि तिघांनीही त्याच विमा कंपनीचा तोच प्रोजेक्ट सांगितला. रिझ्युमेतल्या एका शब्दाचे स्पेलिंग तिघांच्याही कागदावर एकाच ओळीत चुकलेले होते. अशा वेळी मी पुस्तकी प्रश्न विचारणे थांबवतो, कारण त्यांची उत्तरे क्लासमध्ये घोटून घेतलेली असतात. तुमचा बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार होणे) किती वेळ चालायचा, रात्री प्रॉडक्शनला (ग्राहक वापरत असलेल्या प्रणालीत) काही बिघडले तर तुम्हाला फोन कोणाचा यायचा, तुमच्या हातून झालेली आणि सगळ्यांना निस्तरावी लागलेली एखादी चूक सांगा, असे मी विचारतो. ज्याने काम केले आहे तो या प्रश्नांवर खुलतो, त्याला थांबवावे लागते. ज्याने केलेले नाही, त्याचे डोळे पडद्यावर डावीकडून उजवीकडे फिरू लागतात, कारण बाजूला कोणीतरी उत्तर टाइप करून देत असते.

त्या तिघांतला एक मुलगा मात्र माझ्या मनातून जात नाही. रात्रीच्या फोनचा प्रश्न ऐकून तो गप्प झाला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "सर, मी कुठेच काम केलेले नाही." त्याआधी दिलेला प्रोग्राम त्याने स्वच्छ, नेटका लिहिला होता. तरीही मी त्याला नाकारले. फ्रेशर म्हणून घेता आले असते का, तर तेही नाही, कारण माझ्या टीमला फ्रेशरची एकही जागा मंजूर नव्हती. मुलाने खोटे बोलू नये हे मला मान्यच आहे. पण खरे बोलल्यावर त्याला आत घेण्याचा अधिकार माझ्याकडे नव्हता, ही गोष्ट मला आजही सलते.

मृणाल_व

मी कागदपत्रांची पडताळणी करणाऱ्या एका संस्थेत नऊ वर्षे आहे. 'पकडले जाते का' या प्रश्नाचे उत्तर मी देते.

पूर्वी आम्ही कंपनीला ईमेल आणि फोन करायचो. रिझ्युमेतला एचआरचा नंबर त्या कन्सल्टन्सीचाच असल्यामुळे उत्तर हमखास 'होय' यायचे. २०१४ मध्ये भविष्य निर्वाह निधीसाठी (पीएफ) यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा एकच क्रमांक आला आणि चित्र पालटले. आता कोणत्या कंपनीने कोणत्या महिन्यात पीएफ भरला, हे सर्व्हिस हिस्टरीत आणि पासबुकात दिसते. मागच्या तारखेचा पीएफ आज भरला तर तो आज भरल्याचेही दिसते. प्राप्तिकर खात्याच्या विवरणपत्रात कर कोणी कापला ते कळते. कंपनीची नोंदणी कधी झाली हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. उमेदवार २०१९ पासून जिथे नोकरीला होता, ती कंपनी २०२१ साली स्थापन झालेली निघाल्याची प्रकरणे मी स्वतः हाताळली आहेत.

एक बारीक खूण सांगते. महाराष्ट्रात व्यवसाय कर दरमहा २०० रुपये कापतात, पण फेब्रुवारीत ३०० रुपये कापतात, कारण वर्षाचे २,५०० पूर्ण करायचे असतात. बनावट पे-स्लिपा करणारा एकाच महिन्याची स्लिप करतो आणि तिच्यावर फक्त महिन्याचे नाव बदलत जातो, त्यामुळे पुण्यातल्या कंपनीच्या फेब्रुवारीच्या स्लिपेवरही २०० च राहतात. पीएफचे १,८०० रुपये कापलेले असतात आणि यूएएनची जागा रिकामी असते.

प्रत्यक्ष पत्त्यावरही आम्ही जातो. उपनगरातल्या एका इमारतीत झेरॉक्सच्या दुकानावरच्या मजल्यावर एका दारावर चार कंपन्यांच्या पाट्या होत्या. आत एक टेबल, दोन खुर्च्या आणि रबरी शिक्क्यांचा एक डबा एवढेच सामान होते. शिक्के मी मोजले, एकोणीस होते.

गुरुजी, सगळ्यांत वाईट भाग पुढे आहे. पडताळणीचा अहवाल पुष्कळदा मुलगा रुजू झाल्यावर, कधी चार-सहा महिन्यांनी येतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये ॲक्सेंचरने भारतात बनावट कंपन्यांची अनुभवपत्रे दिलेल्या लोकांना कामावरून कमी केल्याचे जाहीर केले होते, ते असेच आत पोहोचलेले लोक होते. तोवर मुलाने घरी पैसे पाठवायला सुरुवात केलेली असते, गावात पेढे वाटून झालेले असतात. आणि त्या चार-सहा महिन्यांच्या खऱ्या नोकरीची नोंद यूएएनवर कायम राहते, त्यामुळे पुढचा प्रत्येक जण 'तिथून का निघालात' असे विचारतोच.

तुषार_एन

सगळे मुलांनाच बोलत आहात, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी एका सेवा कंपनीत फ्रेशर म्हणून लागलो. आठ महिने झाले असताना परदेशी क्लायंटसमोर माझी मुलाखत ठरली. आदल्या दिवशी मॅनेजरने माझा प्रोफाइल पाठवला, त्यात माझा अनुभव तीन वर्षे लिहिलेला होता आणि मी कधी न पाहिलेले दोन प्रोजेक्ट होते. मी विचारले तर उत्तर मिळाले, "एवढे पाठ करून ये." क्लायंटला माझे तासांचे बिल अनुभवी माणसाच्या दराने लागले आणि मला फ्रेशरचाच पगार मिळत राहिला.

कंपनीने हेच केले तर त्याला प्रोफाइल तयार करणे म्हणायचे आणि गुरुजींच्या भाच्याने केले तर फसवणूक? या धंद्यात वर्षे फुगवायला मुलांना कोणी शिकवले, ते आधी बोला.

ज्योत्स्ना_औंध

तुषार यांचे म्हणणे मला पटते, आणि त्यात भर घालते. माझ्या मुलीला २०२२ मध्ये कॅम्पसमधून एका मोठ्या कंपनीचे ऑफर लेटर मिळाले. रुजू होण्याची तारीख दोन वर्षे पुढे पुढे ढकलली गेली. दुसरीकडे गेली की विचारत, दोन वर्षे घरी का बसलात. ऑफर लेटर खरे असूनही तिच्या रिझ्युमेवरचा गॅप खराच होता. त्या काळात तिलाही असाच एक फोन आला होता. ती रात्रभर जागी होती आणि मी तिच्या शेजारी बसून होते. त्यामुळे गुरुजी, तुम्ही भाच्याला रागावला नाहीत हे फार बरे केलेत.

करवीरचा_प्रसाद

तुषार, कंपन्या करतात ते चूकच आहे, पण मुलांच्या खोट्याची किंमत कंपनी मोजत नाही. ती माझ्यासारख्याने मोजली आहे.

मी कोल्हापुरात एका छोट्या फर्ममध्ये साडेतीन वर्षे काम केले. आम्ही अकरा जण होतो आणि साखर कारखान्यांच्या वजनकाट्याचे सॉफ्टवेअर करायचो. किरण यांनी विचारले ना, रात्री फोन कोणाचा यायचा? मला काट्यावरच्या कारकुनाचा यायचा, गाळप हंगामात, रात्री दोन-अडीच वाजता. बाहेर दीडशे-दोनशे गाड्या आणि ट्रॅक्टर रांगेत, ऊस वाळतो म्हणून शेतकरी संतापलेले, आणि काट्याचा आकडा स्क्रीनवर येत नाही. मोटारसायकलवर लॅपटॉप टाकून मी निघायचो.

पुण्यात एका कंपनीने चार फेऱ्या घेऊन माझी निवड केली. नंतर पडताळणीत माझा अनुभव 'खात्री करता येत नाही' असा आला. वीसपेक्षा कमी माणसे असलेल्या आस्थापनेला पीएफ बंधनकारक नसतो, त्यामुळे माझा यूएएन नव्हता. पगार कधी चेकने, कधी रोख व्हायचा. मालकांच्या ऑफिसची पाटी खाली हार्डवेअरचे दुकान असलेल्या माडीवर होती, म्हणजे मृणालताई सांगतात तसलाच देखावा. माझी ऑफर रद्द झाली.

मालक, कारखान्याचे मुख्य लेखापाल आणि दोन शेती अधिकारी यांची पत्रे, माझे बँक पासबुक, एवढे गोळा करून पुढच्या कंपनीत मी स्वतःला खरा ठरवू शकलो. त्यात सात महिने गेले. खोट्या कागदांचा एवढा सुकाळ झाला नसता, तर माझ्या खऱ्या कागदाकडे कोणी संशयाने पाहिले नसते.

मृणाल_व

प्रसाद, असे अहवाल मीही लिहिले आहेत. 'खात्री करता येत नाही' या रकान्यात टाकताना समोरचा माणूस खरा असू शकतो हे आम्हाला ठाऊक असते, पण एका दिवसात अमुक इतकी प्रकरणे संपवायची असतात. तुमचा प्रतिसाद वाचून वाईट वाटले. लहान फर्ममधल्या उमेदवारांकडून बँक पासबुक आणि ग्राहकाचे पत्र मागवावे, हा मुद्दा मी सोमवारच्या बैठकीत मांडणार आहे.

अनाम_सभासद

हे लिहिण्यासाठी नवे खाते उघडले आहे. मी २०११ साली दीड वर्षाचा खोटा अनुभव लावला. हैदराबादच्या अमीरपेठेत मैत्रीवनमच्या आसपासच्या गल्ल्यांत क्लास केला आणि तिथेच कागदही मिळाले. यूएएन तेव्हा नव्हता, त्यामुळे मी पकडला गेलो नाही. आज माझ्या हाताखाली चाळीस माणसे आहेत आणि काम मी चांगले करतो, हे मी जबाबदारीने सांगतो.

सुटलो म्हणजे काय झाले, तेही सांगतो. पहिल्या तीन महिन्यांत मला काहीच येत नव्हते आणि अनुभवी म्हणून घेतल्यामुळे कोणाला विचारण्याची सोय नव्हती. शेजारच्या टीममधला एक फ्रेशर बिनधास्त प्रश्न विचारून शिकत होता, आणि मी रात्री दोनपर्यंत घरी बसून तेच शोधायचो. २०१४ मध्ये अमेरिकेला जाण्याची संधी आली. व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात मागील पाच वर्षांतल्या नोकऱ्यांची माहिती द्यावी लागते. तिथे ती कंपनी लिहिली तर परदेशी सरकारपुढे खोटे बोलणे होते, आणि ते उघड झाले तर अमेरिकेत प्रवेश कायमचा बंद होऊ शकतो. न लिहावी तर माझ्याच कंपनीच्या नोंदींशी मेळ बसत नव्हता. आईची तब्येत बरी नसल्याचे कारण सांगून मी नकार दिला. आई ठणठणीत होती. पुढे पत्नीने कितीदा विचारले की आपण बाहेर का गेलो नाही, आणि खरे कारण मी तिला अलीकडेपर्यंत सांगितले नव्हते.

नोकरी बदलताना प्रत्येक वेळी ते दीड वर्ष फॉर्मवर लिहावेच लागते. एकदा लिहिलेले मागे घेता येत नाही. गुरुजी, तुमच्या भाच्याला हे वाचायला द्या.

अश्विनी_न्यूजर्सी

वरचा प्रतिसाद वाचून इथले आठवले. अमेरिकेत शिक्षण संपल्यावर ओपीटीवर (परदेशी विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीवर) असलेल्या विद्यार्थ्यांना एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेरोजगार राहता येत नाही. ते दिवस संपत आले की काही कन्सल्टन्सी त्यांना गाठतात आणि काल पदवी घेतलेल्या मुलाच्या रिझ्युमेवर सात-आठ वर्षे चढवतात. माझ्या घरी भाड्याने राहणाऱ्या मुलीवर ही वेळ आली होती. तिने नकार दिला आणि विद्यापीठातच एका प्राध्यापकांकडे आठवड्याला वीस तासांचे विनावेतन काम घेतले. ओपीटीत तेही चालते, त्यामुळे तिच्या दिवसांची मोजणी थांबली.

ॲड_शुभदा

कायद्याचे थोडक्यात सांगते. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम ३१८, बनावट दस्तऐवज तयार करण्यासाठी ३३६ आणि बनावट दस्तऐवज खरा म्हणून वापरण्यासाठी ३४० आहे. शेवटचे कलम कागद बनवणाऱ्याला नव्हे, तर वापरणाऱ्याला लागते, आणि मुलांना नेमके हेच माहीत नसते. बहुतेक कंपन्या पोलिसांत जात नाहीत, नोकरीवरून काढून मोकळ्या होतात. पण जायचे की नाही हे कंपनी ठरवते, मुलगा नाही.

तुषार_एन

प्रसाद, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझा राग कंपन्यांवर आहे आणि तो तसाच राहील, पण माझ्या आधीच्या लिहिण्यात तुमच्यासारखा माणूस कुठेच नव्हता, हे मान्य करतो. गुरुजींचा तिसरा प्रश्न मात्र अजून कोणी घेतलेला नाही. रस्ता कोणता?

ज्योत्स्ना_औंध

मुलीच्या अनुभवावरून सांगते. केंद्र सरकारच्या नॅट्स पोर्टलवर पदवीधरांसाठी एक वर्षाची ॲप्रेंटिसशिप असते. तिने ती केली तेव्हा किमान विद्यावेतन ९ हजार रुपये होते. पुण्यात एवढ्यात भागत नाही, हे मी जाणते. पण शेवटी सरकारी प्रमाणपत्र मिळते आणि ते कोणालाही पडताळता येते. राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली, तिच्यात पदवीधराला दरमहा १० हजार रुपये ठरले होते. ती आता कोणत्या स्वरूपात आहे, हे जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात विचारा. आणि मोठ्या कंपन्यांच्या मागे न लागता त्याला भोसरी-चाकणच्या कारखान्यांतल्या आयटी विभागांत अर्ज करायला सांगा. मेकॅनिकलचा मुलगा त्यांना परका वाटत नाही.

किरण_कोथरूड

ज्योत्स्नाताईंचा शेवटचा मुद्दा अगदी बरोबर आहे. गुरुजी, भाच्याला रविवारी सकाळी दहा वाजता माझ्याकडे पाठवा, पत्ता निरोपातून कळवतो. मी त्याची खऱ्यासारखी मुलाखत घेईन आणि कुठे कमी पडतो ते स्पष्ट सांगेन. नोकरी देण्याचे वचन मी देऊ शकत नाही.

सदाशिव_अहमदपूर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री फोनवर हा सगळा धागा मी त्याला वाचून दाखवला. अनाम सभासदांचा प्रतिसाद संपल्यावर तो बराच वेळ बोलला नाही. मी ८० हजार देणार नाही, हे त्याला सांगितले. त्याऐवजी सहा महिने त्याचे खोलीभाडे मी भरेन असेही सांगितले. त्याला ते पुरते पटले आहे असे मी म्हणणार नाही. खोलीतल्या ज्या मुलाला नोकरी लागली, त्याने काल नवीन फोन घेतला आहे, आणि ते रोज डोळ्यांसमोर असते. पण एक प्रश्न त्याने विचारला, तो मला समजला नाही म्हणून त्यालाच इथे लिहायला सांगितले आहे.

फ्रेशर_२०२३

नमस्कार. मी गुरुजींचा भाचा. किरण सर, मी रविवारी येतो.

प्रसाददादा, शेवटच्या वर्षाला आमचा प्रोजेक्ट लोड सेलवर (काट्यातल्या वजन मोजणाऱ्या सेन्सरवर) होता, म्हणून विचारतो. काट्याचा आकडा स्क्रीनवर येत नाही असे तुम्ही लिहिले आहे. तेव्हा बिघाड लोड सेलचा असायचा, केबलचा, की तुमच्या सॉफ्टवेअरचा? आणि तो सापडेपर्यंत रांगेतल्या गाड्यांची वजने कुठे नोंदवायचा?

करवीरचा_प्रसाद

बहुतेक वेळा केबलचा. इंडिकेटरपासून (काट्याजवळच्या आकडा दाखवणाऱ्या यंत्रापासून) कॉम्प्युटरपर्यंत आरएस-२३२ ची केबल असते आणि ती उंदीर कुरतडतात. इंडिकेटरवर आकडा दिसत असेल तर लोड सेल ठीक आहे असे समजायचे आणि पुढे केबल, मग पोर्ट, मग आपला प्रोग्राम, या क्रमाने जायचे. वजने तोवर कारकून छापील पावतीपुस्तकात हाताने लिहायचा आणि सकाळी मी ती भरून घ्यायचो. पण त्यात भरलेल्या गाडीचे आणि रिकाम्या गाडीचे वजन वेगवेगळ्या पानांवर जायचे, आणि जोडी लावताना घोटाळा व्हायचा. तू असतास तर ती जोडी कशी लावली असतीस? विचार करून इथेच लिही. माझे जुने मालक हंगामाआधी एक माणूस घेतात. पगार कमी आहे आणि कोल्हापुरात राहावे लागेल. तुझे उत्तर वाचून मी त्यांच्याशी बोलतो.